रुईची म्हातारी आणि वेणूच्या आईचं दुपटं

निळ्या निळ्या डोंगराच्या पायाशी, केवड्याच्या बनाला लागून, एक छोटंसं खोपटं होतं. त्यात इवलीशी वेणू आणि तिची आई गिरजा अशा दोघीच राहायच्या. चूल कधी पेटायची, तर कधी नुसता धूर काढून निजायची.

गिरजा तान्ह्या बाळांची दुपटी शिवायची. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली जुनेरं घ्यायची आणि त्यांचे डाळिंबी, मोरपंखी, हळदी तुकडे जोडायची. टाके तर तिळाएवढे! पण कुणी घ्यायला आलं की तीच आधी म्हणायची, "काही खास नाही हो. जमलंय तसं गोड मानून घ्या." मग आलेली बाई दुपटं खाली ठेवायची नि निघून जायची.

एके दिवशी आई म्हणाली, "वेणू, राज्यातल्या हरेक नव्या बाळाला राणीसरकार दुपटं देणार आहेत. उद्या शिवणाऱ्या बायकांना बोलावलंय. जिचं बोलणं पटेल तिलाच काम. मला नाही मिळालं, तर मी लांबच्या मिठागरावर कामाला जाईन. तू मावशीकडे राहशील ना गं, शहाणी माझी?"

वेणू धावत बनात गेली.

तिथं जांभळ्या फुलांची रुई होती. तिचं एक बोंड नुकतंच उकललं होतं. आतल्या चंदेरी रेशमात, करंगळीएवढी परी मुसमुसत बसली होती! केवड्याच्या काट्यानं तिचा चिमुकला पंख फाटला होता.

"रडू नको, परीताई. मी शिवून देते," वेणू म्हणाली. परकराच्या घेरात तिची सुई टोचलेली असायचीच. तिनं परकराचाच एक धागा काढला आणि आईसारखे बारीक बारीक टाके घातले. पंख लखलखला.

"अगं, किती सुरेख!" परी म्हणाली.

"छे! कसलं सुरेख? वेडंवाकडंच झालंय."

एवढं म्हणायची खोटी, सगळे टाके सरसर उसवले!

"हे काय गं केलंस?" परी कपाळाला हात लावून म्हणाली. "माझ्यापुढं आपल्याच कामाला नावं ठेवलीस, की ते तसंच होऊन बसतं."

वेणूनं जीभ चावली. पुन्हा शिवलं. मग हळूच म्हणाली, "नीट शिवलंय मी. उड आता."

परी भुर्रकन उडाली, गुलाबी गुलाबी गिरक्या घेत परत आली. "माग, काय हवं ते."

"आई माझ्याजवळ राहू दे."

"ते तुझ्या आईच्या बोलण्यात आहे गं, पिलू. पण ही घे." परीनं बोंडातून रेशमी केसांचं, वाऱ्यावर तरंगणारं बी, एक म्हातारी काढली. "ही तरंगते तोवर सगळे ऐकतील. ती टेकली की बोलणं संपलं. खोटं बोललं, की ती खाली येते. स्वतःला कमी लेखलं, तरी येते. आणि काय हवं ते शेवटी मागायचं हं! मनातलं राणीला कसं कळणार?"

घरी येऊन वेणूनं आईला सगळं सांगितलं. आई हसली, पण रात्री उशिरापर्यंत दुपट्याचे टाके तपासत बसली.

दुसऱ्या दिवशी दोघी राजवाड्यात गेल्या. तिथं जरीवाली भामाबाई बोलतच राहिली. आजोबांची कीर्ती सांगून झाली, पणजोबांची झाली, पण बाळाच्या दुपट्याचं नाव काही निघेना. राणीला जांभई आली. जाता जाता भामाबाई म्हणाली, "काय गं गिरजे, चिंध्या आणल्यास? फरशी पुसायचीय का?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. वेणूनं म्हातारी सोडली, तसा दरबार चिडीचूप झाला.

"राणीसरकार, तसं काही खास नाही..." आई म्हणाली मात्र, म्हातारी झपकन गुडघ्यापर्यंत उतरली.

आईनं म्हातारीकडे पाहिलं. मग वेणूकडे. ती म्हणाली, "सरकार, कोवळ्या अंगाला नवं कापड बोचतं. म्हणून मी जुनेर घेते, उकळते, कडक उन्हात वाळवते. दोऱ्याची एकही गाठ वर ठेवत नाही, आत लपवते. माझी वेणू अशाच दुपट्यात वाढली. मी दुपटं चांगलं शिवते."

म्हातारी तरंगत तरंगत वर गेली, झुंबराच्या निळ्या लोलकांपर्यंत!

"शेजारच्या चौघी माझ्याबरोबर शिवायला बसतील. हे काम मला द्या."

म्हातारी अलगद खाली आली आणि राणीच्या तळहातावर टेकली. राणीनं दुपटं गालाला लावलं. लावलं ते बराच वेळ काढलंच नाही.

"काम तुमचं, गिरजाबाई. राजवाड्यात राहायला येता?"

"नाही, सरकार," आई म्हणाली. "मी घरीच शिवेन. माझ्या लेकीचं घर तिथं आहे."

"मग कापड तुमच्या घरी येईल," राणी हसून म्हणाली.

सकाळी दारात रंगीबेरंगी जुनेरांची गाडी उभी राहिली. पाचजणी अंगणात गप्पा मारत शिवू लागल्या. तेवढ्यात परी आली.

"राहा ना, परीताई!"

"कसं राहू? कुणाची तरी आई आत्ता कुणाच्या तरी दारातून काही न मागताच माघारी फिरत असेल. तिच्याकडे जायला हवं." असं म्हणून ती विरघळू लागली. आधी पंख, मग गुलाबी टाचा, मग हसू. उरला तो फक्त मधासारखा सोनेरी उजेड. तो आईच्या मांडीवर पसरला. वेणूनं तिथंच डोकं टेकलं आणि आईचा पदर मुठीत धरून ती भरदिवसा गाढ झोपली.