कटल्याच्या पोटातला आवाज

एकदा काय झालं, एका पोराचा आवाज माशानं गिळला. हसू नका, गिळलाच. भोयांचा भिकू सकाळी बडबडत तळ्यावर गेला आणि मुका होऊन परत आला. मग संध्याकाळी तळ्यात एक बुडबुडा फुटला, आणि त्यातून भिकू खोकला! त्याची बहीण गोजरा काठावर भांडी घासत होती. तिच्या हातातली परात पाण्यात गेली.

मग गोजरा गळ घेऊनच बसली. घाटावर तीन म्हातारे बसून असायचे, पाटील, पुजारी आणि तिचे सख्खे आजोबा, धोंडूआबा. सगळ्या गावाला अक्कल वाटायचे.

"श्रावणात गळ? देवीचे मासे आहेत ते!" पुजारी कडाडले.

"देवीनं भावाचा आवाज द्यावा, मी उठते."

आबा म्हणाले, "बसू दे. पण पोरी, पीस बुडाल्याशिवाय ओढायचं नाही, बरं का."

मग गोजरानं दोरीला तरंगायला मोरपिसाचा देठ बांधला. गळाजवळ शिशाचा मणी लावला, तो तळाशी टेकेल इतकीच दोरी सोडली. गळाला गूळ घातलेली कणीक. देठ ताठ उभा राहिला, शेंडा तेवढा वर.

थोड्या वेळानं देठ वर आला, आणि आडवा पडला.

"थांब!" तिघे ओरडले. ती थांबली. कणीक गेली.

दुसऱ्यांदा तेच. "थांब!" कणीक गेली.

मग गोजरा उथळ पाण्यात उतरली. मणी हातानं अलगद उचलला. ओझं सुटलं, तसा देठ आडवा झाला. म्हणजे मासा तळाची कणीक उचलतो, तेव्हा पीस बुडत नाही, उठतं! तिनं आबांकडे पाहिलं. आबांनी मान फिरवली.

तिसऱ्यांदा देठ उठला.

"थांब!"

गोजरानं हिसडा दिला.

बाई गं! बैलाएवढा कटला मासा वर आला. त्यानं जबडा उघडला, आणि आतून भिकूचा आवाज रडत बाहेर पडला, "आबा, नाही सांगत कुणाला! तुम्ही तिघांनी देवीचा मासा भाजून खाल्ला ते नाही सांगत! माझी जीभ माशाला नका घालू!"

पुजाऱ्यांच्या तोंडातला विडा गळून पडला.

"आबा," गोजरा म्हणाली, "पीस उठलं की ओढायचं, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"गावात अब्रू होती गं माझी."

"आणि त्याला जीभ होती!"

आबांनी पागोटं उतरवून गोजरापुढे ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग आवाज काठावर उभ्या भिकूच्या तोंडात शिरला. गोजरानं गळ काढून कटला पाण्यात सोडला. तिघे घाटावरून उठले ते उठलेच. आता तिथं पोरं बसतात, भिकू सगळ्यांत जास्त बडबडतो, आणि सगळे मजेत आहेत.

मिटा डोळे. आणि उद्या कुणी मोठं माणूस उगाच "थांब" म्हणालं, तर आधी त्याच्या तोंडाचा वास घ्या.