पायलीवरची शीग

एकदा एका बाजारगावात असे घडले, की एकाही जिनसाचा भाव वाढला नाही आणि तरीही घरोघरी महागाई शिरली. ज्वारीचा भाव गेल्या वर्षी होता तोच होता. आजूबाजूच्या गावांत ओरड चालू असताना आपल्याकडे मात्र सगळे जिथल्या तिथे आहे, म्हणून लोक धान्याच्या शेटजींना दुवा देत होते. तरी महिनाअखेर जवळ आली की कणगीचा तळ दिसू लागे. पूर्वी तो इतक्या लवकर का दिसत नसे, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

त्या गावात दामोदर नावाचा एक शिंपी राहत असे. हाताचा मोठा कसबी. बंडीला बोटभर कापड कमी पडले तर गिऱ्हाइकाला पाहता पाहता सांगे. पण हाच माणूस शेटजींच्या दुकानात गेला की छताच्या तुळया मोजत उभा राही. शेटजी धान्य मापत असताना मापाकडे टक लावून पाहणे हे त्या गावात हलकेपणाचे समजत. भल्या माणसाने पैसे द्यावेत, पोते उचलावे आणि हसून निघावे. हा शिष्टाचार कुणी घालून दिला ते ठाऊक नाही. पण माझा संशय दुकानदारांवर आहे.

एके दिवशी सकाळी दामोदर आपल्या गुरुजींकडे आला. हे गुरुजी म्हणजे बाजारात चाळीस वर्षे धान्य मोजलेले एक वृद्ध मापारी. त्यांनी ना मठ काढला होता ना शाळा. संसाराचा मेळ बसेना झाला की लोक त्यांच्या ओट्यावर येऊन बसत, आणि दामोदर तर लहानपणापासून त्यांचा शिष्य.

“गुरुजी, घर आवरत नाही,” तो म्हणाला. “दर महिन्याला आठ पायल्या ज्वारी आणतो. चार शेरांची एक पायली, म्हणजे बत्तीस शेर. रोज एक शेर दळायचा. महिना निघतो आणि पाहुण्यारावळ्यासाठी दोन शेर उरतात. वडलांपासून असंच चालत आलंय. पण गेले तीन महिने सव्विसाव्या दिवशीच कणगी रिकामी.”

“मग तू काय केलंस?”

दामोदरने मान खाली घातली. “म्हाळसाचा भाऊ दर महिन्याला बहिणीला भेटून जातो. येतो तेव्हा हात हलवत येतो, जातो तेव्हा पाठीवर पिशवी असते. काल आईसमोर, सगळ्या आळीसमोर मी बायकोला विचारलं, की माहेरी किती धान्य धाडलंस?”

“ती काय म्हणाली?”

“काहीच नाही. चूल विझवली. आज दुपारी तिच्या गावाकडे गाडी जाते, त्या गाडीनं जाणार म्हणाली. आणि गेले की परत येणार नाही म्हणाली. गुरुजी, पोरं लहान आहेत. पण चोरी तरी कशी पोटात घालू?”

“त्या पिशवीत काय असतं, पाहिलंस?”

“नाही.”

“तुमच्या घरात कणगीत रोज हात घालणारी ती. धान्य कुठं कमी पडतंय, हे तिला विचारलंस?”

“तेच तर विचारलं.”

“तू चोर आहेस का, एवढंच विचारलंस,” गुरुजी म्हणाले आणि काठी घेऊन उठले. “चल. दुपारला अजून अवकाश आहे.”

ते दोघे थेट शेटजींच्या दुकानी गेले. बाजाराचा दिवस होता. बायका टोपल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. गुरुजींना पाहताच शेटजी लगबगीने पुढे आले, बसायला पाट दिला. गुरुजींनी एक पायली ज्वारी मागितली. शेटजींनी पायली राशीत खुपसली, भरली, हाताची कडा तिच्या काठावरून सफाईने फिरवली आणि धान्य गुरुजींच्या उपरण्यात ओतत म्हटले, “लाभ!” आपल्याकडे पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात.

“कुणाचा लाभ?” गुरुजींनी विचारले.

शेटजी हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी उपरणे तसेच पसरलेले ठेवले आणि धान्याशेजारी, दुकानाच्या तोंडाशी मांडी घालून बसले.

“झालं की गुरुजी माप,” शेटजी म्हणाले.

“नाही झालं. शीग कुठं आहे?”

काठोकाठ भरलेल्या मापावर, आणखी एक दाणाही न पेलता घरंगळू लागेपर्यंत, दाण्यांचा जो उंच ढीग रचतात, त्याला शीग म्हणतात. त्या बाजारात पायली शिगेसकटच मोजली जात असे. भाव ठरला होता तो शिगेच्या पायलीचा.

शेटजी खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “तुम्ही उठा इथून. तुमच्या घरी मी अर्धं पोतं पोचवतो. तुमच्यासाठी माप वेगळं.”

“मला वेगळं माप नको,” गुरुजी इतक्या मोठ्याने म्हणाले की रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू गेले. “या बाईला जे माप, तेच मला. तुझ्या वडलांच्या हाताखाली याच दुकानात मी चाळीस वर्षं पायली भरली. त्यांनी एकदाही माप पुसलं नाही. तू कधीपासून पुसायला लागलास?”

“मी भाव वाढवला नाही, ते दिसत नाही का तुम्हाला?” शेटजींचाही पारा चढला. “मला वरून माल महाग येतो. मलाही पोट आहे. दुसऱ्या गावांत जाऊन बघा काय भाव आहेत ते!”

“मग तूही वाढवायचास! तोंडानं सांगायचास. लोकांनी शिव्या दिल्या असत्या, पण घरी जाऊन आपला खर्च बेतला असता. तू भाव तोच ठेवलास आणि माप खाल्लंस. त्यामुळं काय झालं, ठाऊक आहे? घरोघरी धान्य कमी पडलं आणि घरोघरी लोकांनी चोर शोधला. कुणी सुनेला धरलं, कुणी मोलकरणीला. बाजारातली महागाई दिसती, तर माणसं एकमेकांना धरून राहिली असती. तू ती लपवलीस आणि घरं फोडलीस.”

नुकतेच माप घेतलेल्या एका म्हातारीने आपली टोपली शेटजींच्या पुढ्यात पालथी केली. “माझंबी परत मापा,” ती म्हणाली. तिच्यामागून दुसरीने टोपली ठेवली, तिसरीने ठेवली. एकही बाई दुकानातून हलेना.

शेटजींनी घाम पुसला. “शीग देतो,” ते शेवटी म्हणाले, “पण मग पायलीला दोन पैसे जास्त पडतील.”

“हे तीन महिन्यांपूर्वी म्हणायचं होतंस,” गुरुजी म्हणाले. त्यांनी दोन पैसे काढून दिले, पायली पुन्हा शिगोशीग भरून घेतली आणि उपरण्याची गाठ मारली.

पायली गेली, शेर गेला, आता सगळे वजनावर आणि पाकिटात बंद येते, असे म्हणून तुम्ही ही गोष्ट जुन्या जमान्यावर ढकलाल. जरूर ढकला. पण तोच रंग, तेच चित्र, तीच किंमत असलेला पुडा हाताला हलका लागतो तेव्हा तुम्ही त्याच्या पाठीवरचे बारीक आकडे वाचता का, की तुम्हीही छताच्या तुळया मोजता?

असो. दामोदर आणि गुरुजी घरी पोचले तेव्हा म्हाळसा गाठोडे बांधून ओसरीवर बसली होती. तिने उठून गुरुजींना नमस्कार केला, नवऱ्याकडे पाहिले नाही.

“मुली, रोजच्यासारखा एक शेर काढ,” गुरुजी म्हणाले.

तिने कणगीशी जाऊन शेराचे माप भरले, वर शीग रचली आणि आणून समोर ठेवले. गुरुजींनी तळहात पुढे केला आणि ती शीग सपकन पुसून टाकली. दाणे जमिनीवर पसरले.

“अगं बाई!” दामोदरची आई धावत आली. “घरचं माप पुसलंत? लक्ष्मी रुसेल ना! या घरात कधी सपाट माप निघालं नाही.”

दामोदरलाही राहवेना. “गुरुजी, सकाळी ज्या शिगेसाठी बाजार बंद पाडलात, तीच इथं पुसलीत?”

“बसा सगळे,” गुरुजी म्हणाले. मग म्हाळसाकडे वळून त्यांनी विचारले, “सकाळी दुरडीत किती भाकऱ्या उरतात?”

“दोन. कधी तीन. गाईला घालते.”

“बाई, लक्ष्मी रुसली असेल तर त्या भाकऱ्यांवर रुसली असेल,” गुरुजी आईला म्हणाले. “दामोदर, आता नीट ऐक. दुकानातली शीग तू पैसे देऊन घेतलेली. ती सोडलीस, की शेटजींच्या कोठारात गेली. घरातली शीगही तुझीच. ती पुसलीस, तर तुझ्याच मडक्यात पडेल. पण तुम्ही सगळे नेमकं उलटं करता. जिथं शीग मागायची तिथं लाजता, आणि जिथं पुसायची तिथं मिरवता. भाव ठरवणं आपल्या हाती नाही, मान्य. पण म्हणून मान खाली घालून का बसायचं? दुकानात दाणा दाणा मागून घे. घरी माप सपाट कर. पुसलेलं धान्य वेगळ्या मडक्यात टाक. महागाईला सांग, की तू ये, माझी कणगी तुझ्या आधी रिकामी होणार नाही.”

म्हाळसा मुकाट्याने दाणे गोळा करत होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहिले आणि त्यांचा आवाज कठोर झाला.

“आणखी एक. घरात काटकसर आली, की ती पहिल्यांदा सगळ्यात शेवटी जेवणारीच्या ताटात शिरते. मी हे घरोघरी पाहिलंय. माप कमी झालं म्हणून हिची भाकरी कमी झाली, तर ती बचत मला ऐकवू नका. आजपासून सगळे एका वेळी जेवायला बसा, म्हणजे कुणाच्या ताटात काय आहे ते सगळ्यांना दिसेल.”

आईने तोंड वळवले.

“आता बोल मुली,” गुरुजी म्हणाले. “धान्य कमी पडतंय, हे तुला कधी कळलं?”

“पहिल्याच महिन्याला,” म्हाळसा म्हणाली. “पोतं पूर्वी वरच्या शिवणीपाशी बांधलेलं यायचं, आता चांगलं चार बोटं खाली बांधलेलं येतं. यांना म्हटलं, तर म्हणाले, शेटजींवर संशय घेतेस होय? मग मी गप्प बसले. आणि माझ्या भावाच्या पिशवीत यांच्याच दुकानातल्या चिंध्या असतात. माझी आई त्यांच्या गोधड्या शिवते. यांनीच एकदा म्हटलं होतं, की चिंध्या घेऊन जा, अडगळ होते.”

दामोदरला ते आठवले. शेटजींवर संशय घेणे त्याला हलकेपणाचे वाटले होते. बायकोवर घेताना तसे काही वाटले नव्हते. ही गोष्ट त्याला सर्वांत जास्त लागली.

“म्हाळसा, माझं चुकलं,” तो हळूच म्हणाला.

“मला एकटीला कानात काय सांगता?” ती ताठ उभी राहिली. “आळीसमोर विचारलंत ना? मग आळीसमोरच सांगा. गाडी सुटायला अजून वेळ आहे. तुमचं ऐकून मी ठरवीन.”

दामोदरने आईकडे पाहिले. आई दुसरीकडे पाहत होती. त्याने गुरुजींकडे पाहिले. पण ते तर केव्हाच उठून, काठी टेकत निघाले होते. यापुढचे काम गुरूच्या हातचे नव्हते, आणि ते त्यांना चांगले कळत होते.

दामोदर ओट्यावर जाऊन उभा राहिला. दोन्ही बाजूंच्या घरांना हाका मारून त्याने माणसे बाहेर बोलावली. आयुष्यात तो कधी एवढ्या लोकांसमोर बोलला नव्हता.

“काल मी माझ्या बायकोला चोर म्हटलं,” तो म्हणाला. “तिनं एक दाणासुद्धा घेतला नाही. बाजारात माप कमी झालं होतं. ते बघायची मला लाज वाटली, म्हणून मी घरात चोर शोधला. तिला ते कळलं होतं. तिनं मला सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही.”

म्हाळसा दारात उभी राहून ऐकत होती. तिने पदराने डोळे पुसले आणि ती चूल पेटवायला आत गेली.

समोरच्या घराच्या ओट्यावर कासार बसला होता. अर्धवट घातलेली वहाण तशीच टाकून तो उठला आणि घाईघाईने आपल्या घरात शिरला. त्याच्या घरातली सून गेले तीन दिवस कुणाशीच बोलत नव्हती.