जुईनं चाटलेली सही

च्युइंगमच्या पुडीतली क्रिकेटची कार्डं जमवायचा माझा नाद लग्नानंतरही सुटला नाही. म्हणून कराडच्या कार्डांच्या मेळाव्याला दहा महिन्यांच्या जुईला कडेवर घेऊनच गेले. तिथले बडे विक्रेते कुरुंदवाडे तात्या. मी त्यांच्या टेबलावर वाकले, तेवढ्यात जुईनं एक कार्ड उचललं आणि त्यावरची सही खुशाल चाटली.

तात्या गरजले, “अहो बाई, चाळीस वर्षांपूर्वीची सही ती! त्या गोलंदाजानं माझ्या डोळ्यांदेखत केलेली. पाच हजार टाका, मगच हला!”

पाच हजारांत आमच्या घरचा महिना निघतो. जुईचं तोंड उघडून बघितलं, तर जीभ निळीशार.

म्हटलं, “देते की, तात्या. पण आधी पोरीला डॉक्टरांकडं न्यायला हवं. ते विचारणार, शाई कसली. चाळीस वर्षं वाळलेली शाई एका चाटण्यात जिभेवर उतरली, असं सांगू? का परवाचीच आहे, असं सांगू? तुम्हीच काय ते लिहून द्या.”

तात्यांनी कार्ड गुपचूप खिशात घातलं. “जा हो, लेकरू आहे,” म्हणाले.

आम्ही निघालो, तर मागं चार गिऱ्हाइकं अंगठा थुंकीनं ओला करून तात्यांकडून घेतलेल्या कार्डांवर घासत होती.