टिकलीचा दाणा आणि तागाचं पांघरूण

काळ्या मातीचं एक शेत होतं. शेताला बांध होता. बांधात एक बीळ होतं. बिळात टिकली राहायची.

टिकली म्हणजे मुंगी. एवढीशी.

एकदा टिकलीला ज्वारीचा दाणा सापडला. पांढरा. टपोरा. तिच्या डोक्यापेक्षा मोठा.

"धाकट्या बहिणींना दाखवते," टिकली म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

शेतात तण माजलं होतं. इकडे तण. तिकडे तण. टिकली अडखळली. दाणा सुटला. टप्प! तणाच्या मुळांत जाऊन अडकला.

टिकली म्हणाली, "तणा तणा, माझा दाणा दे."

तण म्हणालं, "माझ्या मुळांत आलं, ते माझं. देत नाही, जा."

टिकलीला रडू आलं. थोडंसं रडली. मग निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु. गेली तागाकडे.

ताग होता पोत्यात. बी होऊन बसला होता. टिकली म्हणाली,

"तण दाणा देत नाही.
तागा तागा, तण झाक."

ताग पोत्यातून म्हणाला, "मी उंच वाढतो. दाट वाढतो. माझ्याखाली तणाला ऊन मिळत नाही. पण पोत्यात कसा वाढू? भामाकाकू पेरील, तेव्हा झाकीन. आधी नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. गेली भामाकाकूकडे.

शेत भामाकाकूचं. काकू ओट्यावर शेंगा फोडत होती. टिकली म्हणाली,

"ताग तण झाकत नाही.
तण दाणा देत नाही.
काकू काकू, ताग पेर."

काकू म्हणाली, "अगं, शेत दमलंय. दर वर्षी ज्वारी देतं बिचारं. म्हणून पड ठेवलंय. निजू दे त्याला."

"पण ते उघडंच निजलंय," टिकली म्हणाली. "म्हणून तण शिरलं."

काकूने शेताकडे पाहिलं. "खरंच की गं! निजलेल्याला पांघरूण हवं. पण माती घट्ट झालीय. बैल कुळव ओढतील, तेव्हा पेरीन. आधी नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. गेली बैलांकडे.

बैल दोन. चांद्या आणि पोवळ्या. गोठ्यात कडबा खात होते. टिकली म्हणाली,

"काकू ताग पेरत नाही.
ताग तण झाकत नाही.
तण दाणा देत नाही.
बैलांनो बैलांनो, कुळव ओढा."

चांद्या म्हणाला, "कुळवाची फास बोथट."

पोवळ्या म्हणाला, "असलं बोथट पातं ओढून मान दुखते. लोहारमामा फासेला धार लावतील, तेव्हा ओढू. आधी नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. गेली लोहारमामांकडे.

मामा ऐरणीपाशी बसले होते. हातोडा बाजूला ठेवलेला. टिकली म्हणाली,

"बैल कुळव ओढत नाहीत.
काकू ताग पेरत नाही.
ताग तण झाकत नाही.
तण दाणा देत नाही.
मामा मामा, धार लावा."

मामा म्हणाले, "धार लावायला लोखंड तापवावं लागतं. भट्टी तर थंड आहे. बाभूळ वाळकी फांदी देईल, तेव्हा लावीन. आधी नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. गेली बाभळीकडे.

बाभूळ बांधावर उभी होती. काटेच काटे. टिकली म्हणाली,

"मामा धार लावत नाहीत.
बैल कुळव ओढत नाहीत.
काकू ताग पेरत नाही.
ताग तण झाकत नाही.
तण दाणा देत नाही.
बाभळी बाभळी, फांदी दे."

बाभूळ म्हणाली, "वाळकी फांदी आहे. पण तिच्यावर वाळवी बसलीय. साल कुरतडतेय. मला खाज सुटलीय नुसती! वाळवी उतरेल, तेव्हा देईन. आधी नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली चढली वर. वर, वर, आणखी वर.

वाळवी फांदी खात होती. कुर्र कुर्र. टिकली म्हणाली,

"बाभूळ फांदी देत नाही.
मामा धार लावत नाहीत.
बैल कुळव ओढत नाहीत.
काकू ताग पेरत नाही.
ताग तण झाकत नाही.
तण दाणा देत नाही.
वाळवी वाळवी, खाली उतर."

वाळवी म्हणाली, "नाही उतरत. कुण्णी सांगितलं तरी नाही."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

टिकली फांदीवर बसली. खाली बघितलं. खाली बांध होता. बांधात बीळ होतं.

टिकली ओरडली, "बहिणींनो, या गं!"

बिळातून एक मुंगी आली. तिच्यामागे एक. तिच्यामागे आणखी एक. तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु. बाभळीवर मुंग्यांची लांबच लांब रांग लागली.

वाळवीने रांग पाहिली.

"अगंबाई! मुंग्या!"

वाळवी मुंग्यांना फार भिते. सर्र सर्र! वाळवी खाली उतरली.

"हुश्श!" बाभूळ म्हणाली. तिने फांदी दिली. कडाड!

मामांनी भट्टी पेटवली. भाता फुस्स फुस्स. हातोडा ठण ठण. मामांनी धार लावली.

बैलांनी माना डोलावल्या. खुळ खुळ, खुळ खुळ. बैलांनी कुळव ओढला. माती मोकळी झाली. तण तुटलं. पण मुळं मातीत राहिली. मुळांत दाणा राहिला.

मातीत ओल होती. काकूने ओटी भरून बी घेतलं. काकूने ताग पेरला.

मग टिकली वाट पाहू लागली.

ताग उगवला. तणही उगवलं! दोघं बोटभर झाले.

"दाणा दे," टिकली म्हणाली.

"नाही," तण म्हणालं.

ताग गुडघ्याएवढा झाला. तण तेवढंच राहिलं.

"दाणा दे."

"नाही म्हटलं ना!"

ताग काकूच्या कमरेएवढा झाला. पानाला पान लागलं. खाली सावलीच सावली. तणाला ऊन दिसेना. तण पिवळं पडलं. मग लुळं पडलं.

काकू बांधावर आली. पदराने तोंड पुसलं. शेताकडे बघत राहिली.

"निजलंय बघ कसं, पांघरूण घेऊन," ती टिकलीला म्हणाली. "फुलं आली की हा ताग मातीतच गाडायचा. खत होतं त्याचं. मग ज्वारी पेरायची."

टिकली तागाखाली गेली. आत गार होतं. ती म्हणाली,

"तणा तणा, माझा दाणा दे."

तण बारीक आवाजात म्हणालं, "घे बाई. धरायला जोर नाही राहिला."

मुळं सैल झाली. दाणा गडगडला. पांढरा. टपोरा.

टिकलीने दाणा धरला. ढकलला. ओढला. पुन्हा ढकलला. बिळाच्या तोंडाशी आणला.

धाकट्या बहिणी बाहेर आल्या.

"अय्या! केवढा मोठा!"

"माझा आहे," टिकली म्हणाली. मग म्हणाली, "चला, खाऊया."

कुडुम कुडुम, कुडुम कुडुम.

दाणा गेला पोटात. वारा शिरला तागात. आणि गोष्ट येऊन निजली आपल्या कुशीत.