पडद्यावरून पळालेले मेनू

शहराच्या पाण्याच्या टाकीत मेलेली कबुतरं तरंगत होती आणि नगराध्यक्षांनी वर्षभर ती टाकी धुतलीच नव्हती. वार्ताहर उमाताई ढवळीकरांनी ही बातमी आणली, तेव्हा संपादक घाटगेसाहेबांचा चेहरा पडला. सारं शहर ते पाणी पीत होतं. पण नगराध्यक्ष पडले साहेबांचे व्याही!

संध्याकाळी उद्याच्या अंकाचं पान लागायच्या वेळी साहेबांनी उमाताईंना केबिनमध्ये बोलावलं. "ताई, तुमची फाइल उघडली आणि वरचे मेनू, टूलबार सगळे गायब! आता एका अक्षराला हात लावता येत नाही. बातमी राहू द्या."

वर्तमानपत्राच्या मालकीणबाई तिथेच चहा घेत होत्या. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "अरेरे!" त्या हळहळल्या.

पान पडदाभर मोठं केलं की मेनू दडतात, हे उमाताई जाणून होत्या. पण ते परत आणले, तर साहेब दुसरं निमित्त काढणार!

"अक्षराला हात लावता येत नाही? मग उत्तमच," त्या म्हणाल्या. "छापायला पाठवायला मेनू कशाला? कीबोर्डच्या दोन कळा पुरतात. व्याह्यांच्या नावासकट जशीच्या तशी जाऊ दे." आणि त्यांनी कीबोर्डकडे हात नेला.

"अहो, थांबा! नाव तरी काढू द्या!" साहेबांनी घाईघाईने कोपऱ्यातली कळ दाबली. सगळे मेनू क्षणात जागेवर!

मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. "घाटगे, हे तुम्हाला येत होतं?"

"येणारच, बाई," उमाताई म्हणाल्या. "ज्यानं दडवलं, त्याला शोधावं लागत नाही."

बातमी नावासकट पहिल्या पानावर झळकली.