साळुंकीने ऐकलेलं

ब्रह्मपुत्रेच्या काठी माणसाहून उंच गवत माजलेलं असायचं, त्या काळची ही गोष्ट. त्या गवतात एक गेंड्याची मादी आपल्या पिल्लासह राहायची. तिच्या पाठीवरचे किडे टिपायला एक साळुंकी रोज यायची.

एकदा भद्रेश्वर नावाच्या शिकाऱ्याने मादीवर गोळी झाडली. त्याला शिंगाची घाई होती. "लवकर काप, अजून श्वास चालू आहे," तो साथीदाराला म्हणाला.

पिल्लू गवतात दडलं होतं. "आता मलाही मारतील का?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे ना शिंग, ना सुळे," साळुंकी म्हणाली. "पण ऐकलेलं मी विसरत नाही."

तिने शिकाऱ्याचं ते वाक्य, त्याच्याच आवाजात, साऱ्या साळुंक्यांना शिकवलं.

पिल्लू मोठं झालं, त्याला शिंग फुटलं, तसा भद्रेश्वर पुन्हा आला. सकाळचं धुकं दाट होतं. त्याने बंदूक उचलली आणि कानाशी कुणीतरी म्हणालं, "लवकर काप, अजून श्वास चालू आहे."

"गप्प बस!" तो साथीदारावर खेकसला.

साथीदार पांढराफटक पडला होता. "मी नाही बोललो, दादा. आवाज तुमचाच आहे."

मग तोच आवाज डावीकडून आला, उजवीकडून आला, डोक्यावरूनही आला. बंदूक टाकून दोघे पळत सुटले.

भद्रेश्वर घरी पोचला तेव्हा छपरावरूनही तेच शब्द येत होते. आई दारात उभी होती. तिने विचारलं, "कुणाचा श्वास चालू होता रे?"

तो तसाच वनरक्षकांच्या चौकीवर गेला.

"आधी खिडक्या लावा," तो म्हणाला, "मग सगळं सांगतो."