वास्तुशांतीची पंगत

आमच्या वाडीला घरकुलं मिळाली, त्याचं श्रेय सभापती दौलतरावांना. ती काड्यापेटीएवढी झाली, त्याचंही श्रेय त्यांनाच. खर्च वाचावा म्हणून नकाशातली भिंत त्यांनीच आत सरकवली होती.

पहिल्या घराच्या वास्तुशांतीला आल्यावर ते म्हणाले, "गरिबाला पसारा कशाला? पाच माणसं इथं ऐसपैस राहतील."

बाकीची घरं अजून बांधायची होती, त्यामुळे कुणी तोंड उघडेना. घरमालकीण ठकूआक्का मात्र हसून म्हणाली, "मग जेवायलाही आतच बसा. वास्तूचं जेवण आम्ही उंबऱ्याबाहेर वाढत नाही."

सभापती आपली चार माणसं घेऊन आत बसले. गुडघ्याला गुडघा लागला. वाढपी दारातच अडला. दौलतरावांचं कोपर शेजाऱ्याच्या आमटीत बुडालं, तसे ते ओरडले, "अहो आक्का, इथं पाच माणसांनी बसायचं तरी कसं?"

"घ्या सांभाळून, साहेब," आक्का दारातून म्हणाली. "तुम्हाला नुसतं बसायचंय. आम्हा पाच जणांना रात्री इथंच आडवं व्हायचंय."

बाकीच्या घरांची भिंत मागे सरकली. त्याचंही श्रेय दौलतरावांनीच घेतलं.